मासा नको असेल तर गरी कशाला?

मासा पकडायचा नसेल तर तंगुसाला, म्हणजे मासेमारीच्या नायलॉनच्या दोऱ्याला, गरी (गळाचा आकडा) लावू नये, असं माझं सरळ मत आहे. यावरून गेल्या वर्षभरात तीन-चार चांगल्या मित्रांशी माझे वाद झालेत, त्यातल्या एकाशी तर महिनाभर बोलणं बंद होतं, म्हणून आता सगळं एकदा नीट लिहूनच काढतो.

आमच्याकडे मुचकुंदी नदी पूर्णगडाजवळ समुद्राला मिळते. खाडीच्या एका अंगाला पूर्णगड, दुसऱ्या अंगाला गावखडी आणि मध्ये पूल. या पुलावर आणि खालच्या खडपांवर, म्हणजे कातळांवर, माणसं पूर्वीपासून गरवायला (गरीने मासे पकडायला) बसतात. पण गेल्या काही वर्षांत शनिवार-रविवारी गाड्या लागायला लागल्यात, रत्नागिरीच्या, कोल्हापूरच्या, पुण्याच्या, आणि डिकीतनं बाहेर निघतात रॉड, रीळ, रंगीत प्लास्टिकचे मासे, काय काय. मला त्यांचा राग नाही, उलट त्यातले दोघं आता माझे मित्र आहेत. पण त्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं, की आम्ही मासे मारायला येत नाही हो, आम्ही रिलॅक्स व्हायला येतो, लागला तर फोटो काढतो आणि सोडून देतो, त्यात कोणाचं काय जातं. पुलावर रोज बसणारे आमचे शेजारचे तात्या एकदा हे ऐकून म्हणाले होते, "मग गरी कशाला लावलीस बाबा, नुसती शिशाची गोळी सोड की पाण्यात." तेव्हा सगळे हसले. पण मला हा प्रश्न अगदी बरोबर वाटतो आणि त्याचं नीट उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

दुसऱ्या बाजूला गावातले काहीजण म्हणतात की हे सगळे रिकामटेकडे आहेत, आमच्या पोटावर पाय देतात, ह्यांना पुलावर बसूच देऊ नका. तेही मला पटत नाही.

मला गरवायला आबांनी शिकवलं, म्हणजे माझ्या आजोबांनी. आबा पोस्टात होते, मासेमारी हा काही त्यांचा धंदा नव्हता, म्हणजे आजच्या भाषेत ते हौशीच. त्यांच्याकडे रॉड नव्हता, एका रिकाम्या बाटलीला गुंडाळलेलं तंगूस, खाली शिसं आणि दोन गऱ्या, बस. तंगूस अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरायचं आणि डोळे मिटले तरी चालतील पण बोट जागं पाहिजे, असं सांगायचे. आमिष धरून कोणी जड जड ओढत नेतंय पण झटका नाही, तर तो खेकडा. टुकटुक टोचून खातंय तर काळुंदर असणार. आणि तांबोशी असेल तर विचार करायला वेळच देत नाही, एकच दणका आणि सरळ खडपाच्या भोकात, मग तंगूस तुटलंच म्हणून समजा. भरती कधी ते बघायला मोबाईल नव्हता, तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. आणि अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फारसं हलत नाही, त्या दिवशी आबा घरीच बसायचे.

हे सगळं सांगतोय कारण माझा मुख्य मुद्दा यातच आहे. आबा रविवारी दोन तास खाडीवर बसून आले की माणूस वेगळाच दिसायचा, आठवड्याचा सगळा शीण गेलेला असायचा. पण तो शीण पाण्याकडे नुसतं बघून जात नव्हता. मासा पाहिजे होता म्हणून जात होता. मासा पाहिजे असला की तुम्ही पाण्याचा रंग बघता, वारा कुठनं आहे ते बघता, सुकती (ओहोटी) लागली की कुठलं खडप उघडं पडतं ते लक्षात ठेवता, आणि दोन तास डोक्यात दुसरं काही शिरतच नाही, ना हप्ते ना साहेब ना पोराचे मार्क. विरंगुळा म्हणतात तो हाच आणि तो माशाच्या मागे लागल्यामुळेच मिळतो. माशाची गरजच काढून टाकली की उरतं काय, तर खुर्ची, थंड पेयाची बाटली आणि एक काठी. मग पाण्याकडे नुसतं बघत बसा ना, ते पण छानच असतं, मी पण बसतो, पण त्यासाठी कोणाच्या जबड्यात लोखंड अडकवायची काय गरज आहे.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. खायला पकडणाऱ्याला थांबायचं कुठे ते आपोआप कळतं. आबा आले की आजी दारातच विचारायची, कालवणापुरते झाले काय? कालवणापुरते हे आमच्याकडचं माप आहे, ते किलोत नसतं आणि नगातही नसतं. घरात माणसं किती, पाहुणा आहे का, यावर ते ठरतं. तेवढे झाले की तंगूस गुंडाळायचं, मग मासा कितीही लागत असला तरी. कारण जास्त आणले तर साफ कोण करणार, आणि फ्रिज तेव्हा होता कुठे. आता फोटो काढून सोडणाऱ्याला हे माप लागूच होत नाही. तो म्हणतो मी तर एकही नेला नाही. पण दिवसभरात त्याने पंचवीस माशांची तोंडं फाडलेली असतात, आणि त्याच्या हिशोबात ते पंचवीस शून्यच धरले जातात. मला हा हिशोबच चुकीचा वाटतो.

सोडलेला मासा जगतो का? काही जगतात, बरेच जगतात, हे मी मान्य करतो. पण कसा सोडला यावर सगळं आहे. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो त्याचं रोगापासून रक्षण करतो, आणि आपण त्याला कोरड्या हाताने किंवा टॉवेलने धरून, पुलाच्या तापलेल्या काँक्रीटवर ठेवून, मापाला टेप लावून, तीन अँगलने फोटो काढतो तेव्हा तो थर निघून जातो. मासा पाण्यात पडला, पोहत गेला, आपल्याला बरं वाटलं, पण चार दिवसांनी तो कुठल्या कपारीत मेला ते बघायला आपण नसतोच. बोटीने बाहेर जाऊन खोल पाण्यातनं गोबरा मासा भसकन वर काढला तर त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, कधी कधी जठर तोंडातनं बाहेर येतं, आणि मग तो सोडला तरी खाली जाऊच शकत नाही, उलटा होऊन वरच तरंगत राहतो. असा तरंगणारा गोबरा मी स्वतः पाहिलाय. बोटीवरच्या एकाने विचारलं की घरी नेऊया का, तर दुसरा म्हणाला, नाही नाही, आपण सोडणारे आहोत. त्या माशाचं त्या दिवशी ना कालवण झालं ना त्याचा जीव वाचला. मला इतकं वाईट वाटलं की मी परत त्यांच्याबरोबर गेलो नाही.

माशाला दुखतं का हा प्रश्न पण आहेच. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ट्राउट माशांच्या ओठात मधमाशीचं विष आणि आम्ल टोचून बघितलं, तर ते मासे खाणं सोडून बसले आणि काही तर ओठ खालच्या खडीवर घासत राहिले. यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे, काहीजण म्हणतात ती आपल्यासारखी वेदना नव्हे. पण जर्मनीत नुसतं पकडून सोडायच्या हेतूने गळ टाकणं कायद्यात बसत नाही, कारण प्राण्याला त्रास द्यायचा तर त्याला सबळ कारण पाहिजे आणि मजा हे कारण धरत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये पण सोडून द्यायच्याच हेतूने मासा पकडायला बंदी आहे. म्हणजे युरोपातलं काहीतरी मॉडर्न म्हणून जे आपल्याकडे आणलं जातंय त्यावर तिथल्याच दोन देशांनी हरकत घेतलीय. तात्यांनी पुलावर बसून विचारलं तेच त्यांनी कायद्यात लिहिलंय, मला तरी असंच वाटतं.

आता माझ्या मित्रांचा सगळ्यात चांगला मुद्दा, जो मी टाळणार नाही. ते म्हणतात, सोडून देणं वाईट तर मग तू लहान मासा पण घरी नेणार का? नाही. तो सोडलाच पाहिजे, आणि काही मोठे पण सोडले पाहिजेत. जिताडा घ्या, हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, म्हणजे जो आठ-दहा किलोचा जिताडा लागला म्हणून गाव गोळा होतं ती बहुतेक वेळा अंडी देणारी मादी असते. तांबोशीचं वेगळं आहे, तिची पिल्लं खाडीत कांदळवनाच्या मुळांमध्ये वाढतात आणि मोठी झाली की बाहेर समुद्रात जातात, म्हणून पुलाखाली तळहाताएवढ्या तांबोशा लागतात ना, त्या सगळ्या पोरं आहेत. त्या सोडायच्याच, ओल्या हाताने, पाण्याच्या बाहेर जास्त न ठेवता, आणि गरीचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून टाकला असेल तर अजून बरं. पण खायला म्हणून गरी टाकली, नको तो लागला, म्हणून सोडला, ही एक गोष्ट झाली. आणि सोडायचाच आहे हे घरनं निघतानाच ठरवून दिवसभर एकामागून एक अडकवत राहायचं ही वेगळी. पहिल्यात चूक सुधारता तुम्ही. दुसऱ्यात चूक करायलाच निघालेला असता.

हे झालं हौशी लोकांबद्दल. पण पोटावर पाय देतात म्हणणाऱ्यांना पण मला बोलायचंय, कारण ते माझेच लोक आहेत. समुद्रातला मासा कमी झालाय हे खोटं नाही, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात २०१८ मध्ये २.९५ लाख टन मासा उतरला होता, २०१९ मध्ये तो २.०१ लाख टनावर आला, ४५ वर्षांतला सगळ्यात कमी. त्या वर्षी क्यार आणि महा अशी वादळं लागोपाठ आली, बोटींचे दिवस वाया गेले, हे पण त्यात आहे. पण पुलावरच्या वीस काठ्यांनी टनांचा हिशोब बदलत नाही, हे आपल्याला सगळ्यांना माहितेय. २०१७ पासून एलईडी लाईट लावून मासेमारी करायला बंदी आहे, तरी काळोख्या रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं तर क्षितिजावर गाव वसल्यासारखा उजेड दिसतो. पर्ससीनवर, म्हणजे अख्खा थवा वेढून घेणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, २०१६ पासून निर्बंध आहेत. खाडीच्या वरच्या अंगाला कुठे कुठे कारखान्यांचं पाणी येतं आणि एका सकाळी मासे पालथे पडलेले दिसतात. या सगळ्यांशी भांडायला दम लागतो, वकील लागतो, म्हणून आपण पुण्याच्या एका पोराच्या रॉडशी भांडतो. हे बरोबर नाही. त्या पोराकडनं नियम पाळून घ्या, पण त्याला आपल्या सगळ्या दुखण्याचं कारण करू नका.

आणि एक सांगू का, विरंगुळा वेगळा आणि पोट वेगळं ही वाटणीच मुळात सुट्टी मिळणाऱ्या माणसांची आहे. आमच्याकडे मोठी ओहोटी असली की बायका खडपात कालवं फोडायला आणि वाळूत मुळे, म्हणजे शिंपल्या, काढायला जातात. चार-पाच जणी मिळून, कंबरेला पदर खोचून, तीन तास उन्हात. सगळ्या गावाच्या बातम्या तिथे होतात, हसणं-खिदळणं असतं, कुणाची सून, कुणाचा जावई, आणि संध्याकाळी घरात कालवांचं सुकं. त्यांना आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही की तुम्ही मजेसाठी जाता की खायला. रापण पण तशीच. चाळीस-पन्नास माणसं दोन दोर धरून जाळं ओढतात, पोरंटोरं पण हात लावतात आणि दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो. ते काम आहे, पण त्या ओढण्यात जी मजा आहे ती कुठल्याही रिसॉर्टवर मिळणार नाही. पाहुण्यांना खरंच समुद्राची मजा घ्यायची असेल तर रापणीचा दोर धरा, हातात येईल तेवढा वाटा घेऊन जा, रापणकर नाही म्हणत नाहीत.

ज्यांना मासा बघायचाय पण पकडायचा नाही त्यांच्यासाठी पण आपल्याकडे जागा आहे. महाडजवळ वाळणकोंड आहे, काळ नदीचा डोह, वरदायिनी देवीचं ठाणं. तिथले महसीर मासे देवीचे मानतात, कोणी पकडत नाही, लोक चुरमुरे टाकतात आणि हाताएवढे मासे पायाशी येतात. हे पूर्वापार चालू आहे. म्हणजे आपल्या लोकांनी यावर कधीच विचार करून ठेवलाय, जिथे पकडायचा तिथे खायला पकडायचा आणि जिथे नाही तिथे गरी पाण्यात जाणारच नाही. मधलं काही त्यात नव्हतंच.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला पाहिजे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, कारण बऱ्याच माशांचा तो अंडी घालायचा काळ आणि समुद्र पण खवळलेला. त्याच दोन महिन्यांत सगळी गर्दी खाडीवर आणि ओढ्यांवर येते. पहिला मोठा पाऊस झाला की चढणीचे मासे, म्हणजे पोटात गाभोळी (अंडी) घेऊन वर चढणारे मासे, आणि ते पकडायला टॉर्च, कोयते, काठ्या घेऊन अर्धा गाव पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर. हे आम्ही पण लहानपणी केलंय, त्या रात्रीची मजा मी विसरू शकत नाही, मातीचा वास, बेडकांचा आवाज, बाबांच्या खांद्यावर बसून जाणं. पण तेव्हा घरटी एक टोपली यायची, आता पोती भरून विकायला जातात आणि काही ठिकाणी तर करंट सोडतात, ब्लीचिंग टाकतात. बोटवाल्याला दोन महिने घरी बसवायचं आणि बाकीच्यांनी गाभोळीचे मासे पोत्याने मारायचे, हा कुठला न्याय. राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा आहे, पण तो मुख्यतः समुद्रातल्या बोटी, जाळी आणि परवाने यांच्यासाठी लिहिलाय, पऱ्यावरचा आणि पुलावरचा माणूस त्यात नीट दिसतच नाही.

म्हणून मला वाटतं नियम आपणच करायला पाहिजेत, गावपातळीवर, आणि ते सगळ्यांना सारखे पाहिजेत, गावकऱ्याला पण आणि पाहुण्याला पण. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिलाय, त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केला. पण तो आकार किती लोकांना माहिती आहे? आमच्या पुलावर विचारा, एकालाही नाही. तर पुलाच्या दोन्ही टोकांना बोर्ड लावावा, त्यावर इथे मिळणाऱ्या पाच-सहा माशांचं माप असावं. एका माणसाला दोन गऱ्या, त्याहून जास्त नाही. हौशी माणसाने मासे विकायचे नाहीत, कालवणापुरते न्यायचे, जास्त लागले तर शेजाऱ्याला द्यायचे. तुटलेलं तंगूस खडपात सोडायचं नाही, गावखडीच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, त्यांच्या वाटेत हे नायलॉन पडलेलं असतं आणि ते वर्षानुवर्षं कुजत नाही, म्हणून पुलावर एक डबा ठेवावा फक्त तंगुसासाठी. ज्या पाहुण्यांना बोटीने जायचंय त्यांनी गावातल्याच बोटवाल्याबरोबर जावं. भाडं गावात राहील आणि कुठलं खडप पावसाळ्याच्या तोंडाला सोडून द्यायचं हे त्याला माहिती असतं, कुठल्या ॲपला ते कळणार नाही.

काही मित्र म्हणतात इतके नियम केले तर विरंगुळा कसला राहणार. आबांना कोणी नियम लिहून दिले नव्हते, पण त्यांच्याइतके नियम पाळणारा मी कोणी बघितला नाही, भांगाला जायचं नाही, श्रावणात जायचं नाही, लहान मासा सोडायचा, कालवणापुरते झाले की उठायचं. आणि त्यांच्याइतका शांत होऊन परत येणारा पण मी बघितलेला नाही.

येत्या ग्रामसभेत हा विषय मांडायचाय. त्याआधी तात्यांना सगळं वाचून दाखवलं, तर ऐकून घेतलं आणि म्हणाले, लक्ष कोण ठेवणार विचारतील, तर सांग मी बसतोच तिथे रोज. फक्त बोर्डावर आकडे लिहू नका, माशाचं चित्र काढा, आणि ते खऱ्या मापाचं काढा, म्हणजे पकडलेला मासा त्यावर ठेवून बघता येईल.